भीती वाटते म्हणजे विश्वास कमी पडला का?

प्रश्न: माझं वय ३६. माहेर गडहिंग्लजकडचं, लग्नानंतर गेली १२ वर्षं वास्कोत. धाकट्या भावाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत, वर्षभर डायलिसिस चालू आहे, सध्या तो आमच्याच घरी असतो. तपासण्या जुळल्या आणि मी माझी एक किडनी द्यायला 'हो' म्हटलं. कोणी जबरदस्ती केली नाही. पण तारीख जवळ येतेय तशी झोप उडाली आहे, हातपाय गार पडतात. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनेत एकांनी सांगितलं की विश्वासणाऱ्याला भीती वाटतच नाही, भीती हा सैतानाचा आत्मा आहे, तुझा विश्वास कमी पडतोय. तेव्हापासून भीतीपेक्षा लाजच जास्त वाटते. सर्जनला धोक्याबद्दल विचारायचीही शरम वाटते, विश्वास नाही असं दिसेल. भावापासूनही हे लपवते, त्याला अपराधी वाटेल म्हणून. मी भित्री आहे का? ही भीती पाप आहे का?

उत्तर:

ताई, तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असंच आहे. पण एवढ्यावर थांबले तर आज रात्रीही तुम्ही जाग्याच राहाल, म्हणून सविस्तर लिहिते.

मी मूळची वसईची. लग्न होऊन गोव्यातल्या साष्टीत आले, राचोलच्या शेजारच्या राय गावात. २९ वर्षं परिचारिका होते, त्यातली शेवटची ११ डायलिसिस विभागात. निवृत्त झाल्यापासून रुग्णांपाशी, त्यांच्या घरच्यांपाशी जाऊन बसते. ऐकते, मागितली तर प्रार्थना करते. तुम्ही प्रॉटेस्टंट मंडळीतल्या दिसता, मी कॅथलिक. या प्रश्नापुरतं तरी आपल्या दोघींचं बायबल एकच आहे.

तुमच्या पत्रात मला टोचलं ते लाजेबद्दलचं वाक्य. भीतीनं माणूस जागा राहतो. लाजेनं तो गप्प होतो, आणि दवाखान्यात गप्प बसणारं माणूस धोक्यात असतं. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले, ती आधी सांगते.

आमच्या विभागात पन्नाशीचे एक गृहस्थ यायचे. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, हातातल्या फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी जोडून घेतलेल्या रक्तवाहिनीत, दोन जाड सुया. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, "सिस्टर, सुई दिसली की पोटात गोळा येतो." मी घाईत होते. हसून म्हटलं, "देवावर विश्वास आहे ना? मग भ्यायचं कशाला!" मला वाटलं, मी धीर दिला. त्यानंतर ते भीतीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. महिन्याभरानं एक पाळी चुकवली. फोनवर सांगितलं, पुतणीचं लग्न आहे. पुढच्या पाळीलाही लग्नच. त्यानंतर एका पहाटे त्यांना उचलूनच आणलं. फुप्फुसात पाणी भरलेलं, श्वास घेता येईना. वाचले, देवाची कृपा. नंतर त्यांच्या बायकोनं सांगितलं की लग्न वगैरे काही नव्हतं. ते दोन्ही दिवस घरून निघून बसस्टँडवर बसून परत आले होते. सुईची भीती वाटते हे माझ्याजवळ बोलायची त्यांना चोरी झाली होती, कारण मी त्या भीतीची विश्वासाशी गाठ मारून ठेवली होती. खरं तर करायचं होतं ते साधं होतं. बधिर करणारं मलम अर्धा-पाऊण तास आधी लावायचं आणि सुई जाताना दोन मिनिटं हात धरायचा. पुढे तेच केलं.

म्हणून कोणी भीतीवर वचन फेकून मारलं की माझं डोकं तापतं. माफ करा, पण तापतं.

तुम्हाला सांगितलेलं वचन बहुधा तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं, पहिल्या अध्यायातलं सातवं. त्यात भीतीचा आत्मा असं म्हटलेलंच नाही. आपल्या मराठी बायबलात शब्द अगदी नेमका आहे: 'भित्रेपणाचा' आत्मा. मूळ ग्रीकमध्येही भीतीसाठी नेहमी येणारा 'फोबोस' हा शब्द तिथं नाही, 'देइलिया' आहे, म्हणजे भ्याडपणा, कच खाणं. भीती वाटणं ही एक गोष्ट, भीतीला घराच्या किल्ल्या देऊन टाकणं ही दुसरी. आणि हे लिहिणारा प्रेषित पौल स्वतः करिंथकरांना काय सांगतो ते बघा. पहिल्या पत्रात म्हणतो, मी तुमच्याकडे आलो तेव्हा अशक्त होतो, भ्यालेला होतो, थरथरत होतो. दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात म्हणतो की बाहेर भांडणं आणि आत भीती अशी आमची गत होती. हा माणूस विश्वासात कच्चा होता असं तुमच्या त्या गृहस्थांना म्हणायचं असेल तर म्हणू देत.

दुसरं एक वचन अशा वेळी हमखास पुढे येतं, योहानाच्या पहिल्या पत्रातलं: पूर्ण प्रीती भीती घालवून देते. तुमच्यापर्यंत ते अजून आलं नसेल तर येईल. तेव्हा त्याच्या आधीची ओळ वाचा. तिथं न्यायाच्या दिवसाची गोष्ट चालली आहे. देव मला शिक्षा करील, टाकून देईल, ही जी भीती, ती प्रीती घालवते. भूलतज्ज्ञ नाकावर मास्क ठेवतो त्या क्षणाच्या भीतीबद्दल योहान काही बोलत नाही.

राहिलं 'भिऊ नको'. बायबलात हे ३६५ वेळा येतं, वर्षाच्या दर दिवसाला एक, असं भाविक लोक आवडीनं सांगतात. मोजायला बसलं तर तो आकडा जुळत नाही, पण येतं पुष्कळ वेळा हे खरं. प्रश्न असा की ते कोणत्या सुरात वाचायचं. माझ्या सासूबाई कोंकणीतून म्हणायच्या, "भियेनाका गो." वीज कडाडली, पोर रडत उठलं की अंधारातच त्यांचा हात यायचा आणि हे दोन शब्द. पोरानं आज्ञा मोडली म्हणून त्याला कोणी दरडावत नव्हतं. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत जखऱ्याला म्हणतो, भिऊ नको. मरीयेला म्हणतो, भिऊ नको. मेंढपाळांना म्हणतो, भिऊ नका. तिघांपैकी कोणाच्याही नावावर त्यानं पाप लिहून ठेवलेलं नाही. आणि यशयात 'भिऊ नको' म्हटल्यावर लगेच 'कारण' येतं: कारण मी तुझ्याबरोबर आहे. धोका नाही, असं ते कारण नाही. दुखणार नाही, असंही नाही. सोबत आहे, एवढंच.

आता गेथशेमाने, येशूला पकडलं ती बाग. नावाचा अर्थच तेलाचा घाणा. मार्काच्या चौदाव्या अध्यायात येशू तिघांना बरोबर घेतो आणि त्याला धास्ती वाटू लागते, जीव कासावीस होतो. तो ते लपवत नाही. माझा जीव मरणाइतका दुःखी झालाय, इथं थांबा, जागे राहा, असं मित्रांना सरळ सांगतो. मग बापाला म्हणतो, हा प्याला, म्हणजे समोर आलेलं हे दुःख, माझ्यापासून दूर कर. हे आधी म्हणतो, आणि मग 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या'. आपण पहिलं वाक्य गाळून दुसऱ्यावर उडी मारतो आणि त्याला समर्पण म्हणतो. मला तरी ते पटत नाही. पहिलं वाक्य मनात दाबून ठेवून म्हटलेलं दुसरं वाक्य पोकळ निघतं.

लूकनं या प्रसंगात दोन ओळी जास्त दिल्या आहेत. काही जुन्या हस्तलिखितांत त्या नाहीत, पण आपल्या बायबलात आहेत. स्वर्गातून देवदूत येऊन येशूला बळ देतो. आता भीती सरली असेल असं आपल्याला वाटतं. पुढची ओळ सांगते की तो अधिकच विव्हळ होऊन प्रार्थना करू लागला आणि घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडू लागला. क्रम पाहिलात? देवदूत आधी, रक्ताचा घाम नंतर. वरून बळ मिळाल्यावरही अंग थरथरतच होतं. मग त्या बळानं केलं काय? त्याला तिथं टिकवून धरलं. तो बागेतून पळाला नाही, एवढंच. रात्र होती, कोण कुठून येणार हे त्याला माहीत होतं, निघून जाता आलं असतं.

इथं आपल्या मराठीचं मला कौतुक वाटतं. (मराठीतला ख्रिस्ताचा पुराणग्रंथ १६१६ साली आमच्या शेजारी राचोललाच छापला गेला, त्यामुळे हे कौतुक थोडं गावाभिमानाचंही समजा.) शौर्य, धाडस, हिंमत असे शब्द आपल्याकडे आहेतच. पण घरात, दवाखान्यात, मयताच्या ओसरीवर आपण वापरतो तो शब्द 'धीर'. आणि तो कसा वापरतो? धीर धर. धीर सुटला. धीर दिला. धीर खचला. धीर धर म्हणजे घाबरू नको, आणि धीर धर म्हणजे थांब जरा, कळ काढ. दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात. शिवाय हा धीर उसना मिळतो. कोणी तरी देतं, आपण धरतो. सुटला तर पुन्हा धरता येतो. वादळातल्या होडीत शिष्य भूत भूत म्हणून ओरडले तेव्हा येशू जे बोलला ते मराठी बायबलात असं आहे: धीर धरा, मी आहे, भिऊ नका. शेवटच्या रात्रीच्या भोजनातही तेच: जगात तुम्हांला क्लेश होतील, तरी धीर धरा.

तेराव्या शतकातले संत थॉमस अक्वायनस यांनी या विषयाचा फार बारीक कीस काढला आहे. धैर्याची दोन कामं ते सांगतात, चाल करून जाणं आणि सोसून उभं राहणं. यातलं मुख्य काम सोसून उभं राहणं, असं त्यांचं मत. कारण चाल करणाऱ्याला आपली सरशी होईल असं वाटत असतं. सोसणाऱ्याला समोरचं संकट आपल्यापेक्षा मोठं दिसत असतं आणि तरी तो जागा सोडत नाही. आणि तुमच्या प्रार्थनागटाला ऐकवण्यासारखी गोष्ट म्हणजे, भीती अजिबात न वाटणं हा त्यांनी गुण धरलेला नाही. दोषांत धरला आहे. ज्याला काहीच गमवावंसं वाटत नाही त्याचं कशावर प्रेमच नाही, किंवा मग त्याला धोका कळलेला नाही.

हे पुस्तकी वाटत असेल तर आमच्या वाड्यावरची गोष्ट ऐका. २४ जूनला सांजांव, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा सण. एलिझाबेथच्या पोटात योहान बाळानं उडी घेतली, त्याची आठवण म्हणून पोरं डोक्यावर पानाफुलांची कोपेलं घालून विहिरीत उड्या मारतात. पावसाळा नुकता लागलेला, विहिरींना पाणी चढलेलं. माझे सासरे आदल्या दिवशी लांब बांबू घालून विहिरीचा ठाव घ्यायचे, आत पडलेली झावळी काढायचे, वर यायला दोर बांधून ठेवायचे. माझा मुलगा दहा वर्षांचा असताना काठावर उभा राहिला. पाय थरथरत होते. बाकीची पोरं चिडवायला लागली. सासरे म्हणाले, "आयज ना जाल्यार फुडल्या वर्सा," आणि त्याचं कोपेल सारखं करून बाजूला झाले. त्या वर्षी त्यानं उडी मारली नाही, पुढल्या वर्षी मारली. त्याच दिवशी एक जवान गडी फेणी पोटात घालून, पाण्याकडे न बघता उडाला आणि कठड्यावर हनुवटी फोडून घेतली. टाके घालायला माझ्याकडेच पाठवला होता. ते काम डॉक्टरांचं, मी फक्त गाडीत कापूस धरून बसले. त्याला भीती मुळीच वाटली नव्हती.

ठाव घेणं हा भित्रेपणा नाही, हे सांगायला मी ही विहीर मध्ये आणली. तुम्ही पुढे लिहिलंय की सर्जनला धोक्याबद्दल विचारायची तुम्हाला शरम वाटते, विश्वास नाही असं दिसेल म्हणून. बाणावलीत १६५१ साली जन्मलेले आपले संत जुझे वाझ आठवा. १६८७ मध्ये ते श्रीलंकेत गेले तेव्हा किनाऱ्यावर डचांची सत्ता होती आणि कॅथलिक धर्मगुरूंना तिथं बंदी होती. वाझबाब झगा घालून छाती काढून उतरले नाहीत. मजुराच्या वेशात, लपून उतरले. जाफन्यात पोहोचताच हगवणीनं आजारी पडले. पुढे कँडीत पोर्तुगीजांचे हेर म्हणून तुरुंगात गेले. १६९७ मध्ये तिथं देवीची साथ आली, लोक आपल्याच आजाऱ्यांना टाकून पळाले, तेव्हा हे आणि त्यांचा भाचा त्या रोग्यांना धुवत-पुसत राहिले. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं. वेश पालटणारा आणि देवीच्या रोग्याला उचलणारा माणूस एकच. पौलालाही दमास्कसच्या तटावरून टोपलीत बसवून खाली सोडला होता. जीव वाचवायचा तिथं वाचवायचा, म्हणजे द्यायचा तिथं देता येतो.

तेव्हा ठाव घ्या. मला माहीत आहे तेवढं सांगते, बाकी तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. जिवंत दात्याच्या शस्त्रक्रियेत मृत्यूचा धोका साधारण १०,००० दात्यांमागे ३ असा धरतात. कमी आहे, शून्य नाही. आणि शून्य नाही म्हणून तुमचं शरीर घाबरतंय, ते त्याचं कामच करतंय. उरलेलं मूत्रपिंड हळूहळू जास्त काम उचलतं. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली तर दाता सहसा काही दिवसांत घरी जातो, जड उचलायला मात्र काही आठवडे बंदी. आयुष्यभर वर्षातून एकदा रक्तदाब आणि लघवीची तपासणी करावी लागते. तुम्ही ३६ च्या आहात. अजून मूल हवं असेल तर हे आत्ताच बोला, कारण एक मूत्रपिंड दिलेल्या बाईला गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका थोडा जास्त असतो. मला आश्चर्य वाटतं ते याचं की हा प्रश्न बायका विचारत नाहीत आणि घरचे तर नाहीच नाहीत.

आणि आता जे सांगते ते प्रार्थनागटात कोणी सांगणार नाही. तुम्ही अजूनही 'नाही' म्हणू शकता. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात बहीण जवळच्या नात्यात येते, त्यामुळे कागदपत्रं सोपी होतात; पण संमती तुमचीच, आणि शेवटपर्यंत मागे घेता येते. घरचे सोबत नसताना डॉक्टरांशी एकटीनं बोलायची वेळ मागता येते, तशी मागा. चर्चचं म्हणणंही हेच. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, परिच्छेद २२९६ मध्ये, प्रत्यारोपणाला मान्यता आहे, पण दात्याला होणारा शारीरिक आणि मानसिक धोका घेणाऱ्याच्या भल्याच्या तुलनेत बघायचा आणि दात्याची उघड संमती असायची, या अटींवर. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ साली अवयवदानाची गणना रोजच्या जगण्यातल्या थोर कृत्यांमध्ये केली. थोर कृत्य म्हणजे कर्ज नव्हे. न दिल्यास पाप, असं कुठंही लिहिलेलं नाही. येशू योहानाच्या दहाव्या अध्यायात आपल्या प्राणाबद्दल काय म्हणतो? कोणी तो माझ्यापासून घेत नाही, मी होऊन देतो. तुमच्या बाबतीतही 'मी होऊन' हे खरं असायला हवं, नाहीतर ते दान राहत नाही, वसुली होते.

हे वाचून तुम्हाला हायसं वाटलं आणि 'नकोच' असं मन म्हणालं, तर त्याकडे लक्ष द्या. आणि हायसं वाटूनही 'तरी द्यायचीच आहे' असं आतून आलं, तर तो तुमचा धीर. भीती तिथंच असेल, शेजारच्या खुर्चीवर. मी अनेक दाते शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी पाहिले. नवऱ्याला देणारी बाई, मुलीला देणारा बाप. एकही जण निर्धास्त नव्हता. एक आई मात्र होती, ती रात्रभर घोरली, सकाळी विचारलं तर म्हणाली, "गोळी मागून घेतली." तीही माझ्या मते योग्यच वागली.

रात्री काय करायचं? झोप येत नाही तेव्हा दाविदाकडे जा. गल्याथाला पाडणारा पोरगा आपल्याला पाठ असतो. त्यानंतरचा दावीद कोणी शिकवत नाही. पहिल्या शमुवेलाच्या २१ व्या अध्यायात तो शौल राजापासून पळतोय. नोब गावच्या याजकाकडून गल्याथाचीच तलवार घेतो, आणि जातो कुठं? गथला, गल्याथाच्या गावी! तिथल्या आखीश राजाच्या माणसांनी ओळखलं तेव्हा तो फार भ्याला. वेड्याचं सोंग घेतलं, दारांवर रेघोट्या ओढल्या, दाढीवर लाळ गाळली. कमरेला जगातली सगळ्यात नावाजलेली तलवार, आणि हनुवटीवर लाळ. ५६ व्या स्तोत्राच्या मथळ्यात हाच गथचा प्रसंग दिला आहे, आणि त्यात तो म्हणतो: मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. 'वाटलीच तर' असं नाही, 'वाटेल तेव्हा'. भीती आणि भरवसा एकाच ओळीत, एकाच माणसाच्या तोंडी. पुढे त्याच स्तोत्रात आहे की माझी आसवं तुझ्या बुधलीत भरून ठेव. मला हे फार आवडतं. देव आसवं पुसायच्या आधी गोळा करतो.

तर ५६ वं स्तोत्र मोठ्यानं वाचा, घरातले झोपले असले तर पुटपुटा. मग तुमची भीती नावानिशी सांगा. 'मला भीती वाटते' एवढं मोघम नको. भूल उतरलीच नाही तर? माझ्या मुलाचं कोण बघेल? किडनी देऊनही ती त्याच्या शरीरानं नाकारली तर? ही तिसरी भीती दाते सहसा देवाजवळही बोलत नाहीत, कारण ती भावावर अविश्वास दाखवल्यासारखी वाटते. बोला. काही प्रश्नांना उत्तर सर्जनकडे आहे, ते वहीत लिहा आणि पुढच्या भेटीत विचारा. मुलाचं कोण बघेल याचं उत्तर नवऱ्याकडे आणि आईकडे आहे. तेही तारीख घालून ठरवा. उरेल त्याला उत्तर नाही. ते प्याल्यात राहू द्या आणि येशूनं म्हटलं तसं आधी म्हणा, हा दूर कर. दुसरं वाक्य आपोआप येईल तेव्हा येईल. आलं नाही तर मीही तुमच्यासाठी म्हणेन, त्यालाच तर मंडळी म्हणायचं.

बांबोळीच्या मोठ्या इस्पितळाजवळचा फुलांचा खुरीस, म्हणजे क्रूस, तुम्ही पाहिला असेल. रुग्णांचे नातेवाईक तिथं मेणबत्त्या लावतात, फुलं वाहतात, हिंदू-ख्रिस्ती सगळेच. मी कधी तिथं थांबले की बघते, कोणी फार बोलत नाही. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईची मेणबत्ती वाऱ्यानं विझली तर दुसरी आपल्या ज्योतीवर लावून देते. तुमच्या परंपरेत खुरसापुढे मेणबत्ती नसते हे मला माहीत आहे. मग प्रार्थनागटातली अशी एक बाई शोधा, जी वचन न सांगता तुमच्याजवळ तासभर बसेल. गेथशेमानेत येशूला हवी होती ती एवढीच सोबत, आणि तीही तिघं झोपून गेल्यामुळे मिळाली नाही.

एक काम मात्र तारखेच्या आधी करा. भावाला सांगा की तुम्हाला भीती वाटते. तुम्ही लपवताय, कारण त्याला अपराधी वाटेल. डायलिसिसच्या खाटेवर ११ वर्षं जे ऐकलं त्यावरून सांगते, त्याला ते आत्ताही वाटतंयच. घेणाऱ्याची एक वेगळीच भीती असते: ताईचं काही बरंवाईट झालं तर मी तोंड कुठं लपवू? तोही ती तुमच्यापासून लपवत असेल. दोघं एकाच घरात, एकाच मोरीपाशी दात घासताय आणि एकमेकांना हसून दाखवताय. डायलिसिस नसेल अशा एखाद्या संध्याकाळी त्याला बायणाच्या किनाऱ्यावर घेऊन जा. त्याला पाणी मोजून प्यायचं असतं, तेव्हा शहाळं नको, तुम्हीही घेऊ नका. बसा आणि पहिलं वाक्य तुम्ही बोला. तो काय म्हणाला ते मला नक्की कळवा.